पोरानं धर्माच्या रकान्यात 'नाही' लिहिलं

सदरकर
नमस्कार मंडळी. मी इथं वाचणारा जास्त, लिहिणारा कमी, त्यामुळे इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आमचा थोरला काही महिन्यांपूर्वी जर्मनीला गेला, श्टुटगार्टला, नोकरीसाठी. तिथं राहायला गेलं की दोन आठवड्यांत सरकारी ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. आमच्या साहेबांनी तिथं 'नाही' लिहिलं. कोणताच नाही. हे त्यानंच फोनवर सांगितलं, जेवलास का, थंडी किती आहे, रूममेट कसा आहे ह्याच्या मधेच. मी म्हटलं टॅक्स वाचवायला का रे, कारण तिथं चर्चचा टॅक्स पगारातून कापतात हे ऐकून होतो. तर म्हणाला, "टॅक्सचं निमित्त झालं बाबा. जे खरं आहे तेच लिहिलं."

आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. पोराचा बाप्तिस्मा, संडे स्कूल, दृढीकरण सगळं इथं नागपूरच्या सदरातच. कॉयरमध्ये तो टेनर, म्हणजे वरच्या सुरातला पुरुषी आवाज, मी बेस, खालचा. राग आला असं नाही. बायको पण रडली-बिडली नाही, ती म्हणे रकाना सरकारचा आहे, मी रात्री प्रार्थनेत त्याचं नाव घेते ते घेतच राहीन, आणि ती कुकर लावायला निघून गेली. अडकलं आहे ते माझंच. कुठं ते सांगतो.

माझे पणजोबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातले. त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा त्यांच्या वडलांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. जिवंत पोराच्या नावानं. मग ते नागपूरला आले, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले, आणि वडील वारले तेव्हा खांदा द्यायलाही त्यांना कोणी बोलावलं नाही. ही गोष्ट आमच्या घरात दर नाताळला सांगतात, आणि अभिमानानं सांगतात. आता मी विचार करतो की आमच्या घरात येशू आला तोच मुळी एका पोरानं बापाचं ऐकलं नाही म्हणून. त्या घरातला बाप आज पोराला कोणत्या तोंडानं म्हणणार की बापाचं ऐक?

आता खरा प्रश्न, म्हटलं तर फार लहान आहे. डिसेंबरात तो येतोय. नाताळाआधी आमच्याकडं कॅरल सर्व्हिस असते, बायबलमधले नऊ पाठ वाचले जातात आणि मधे मधे गाणी. कोण कोणता पाठ वाचणार ती यादी बऱ्याच वर्षांपासून मी करतो. त्याचं नाव शाळेत होता तेव्हापासून त्या यादीत आहे. मी लिहायचं, त्यानं वाचायचं, विचारायची कधी वेळच आली नाही. यंदा लिहू का? लिहिलं तर त्यानं जे सांगितलं ते मी ऐकलंच नाही असं होतं. नाही लिहिलं तर मीच त्याला बाहेर काढलं असं होतं. तुमच्या घरी असं काही झालं असेल तर सांगा, कोणत्याही धर्माचे असा.

तर्रीबाज
काका आधी हे सांगा पोट्ट्यानं सावजी मसाला नेला का नाही. धर्माचं मागून पाहू.

सदरकर
नेला बाप्पा. बायबल कपाटात राहिलं, मसाला बॅगेत गेला. आता तुम्हीच समजा.

वैनगंगा_किनारी
नाव लिहा. त्याला नको असेल तर तो सांगेल, तोंड आहे त्याला. आपण आधीच कापून टाकायचं नाही. आणि सव्वीस-सत्तावीसच्या वयात काय लिहिलं ते पन्नाशीत राहत नाही, मी त्या वयात लग्न करणार नाही असं डायरीत लिहिलं होतं.

धंतोली_दादा
कोणत्याही धर्माचे असा म्हणालात म्हणून लिहितो. मी पुण्याला शिकायला निघालो तेव्हा आईनं बॅगेत कपड्यांच्या खाली बाळकृष्ण ठेवला, न सांगता. मी तेव्हा भयंकर नास्तिक, म्हणजे कॉलेजातले नास्तिक असतात तसा, वादविवाद स्पर्धेतला. होस्टेलवर बॅग उघडली, बाळकृष्ण निघाला, मी चिडलो, आईला फोन करून भांडलो. ती म्हणे बरं मग देऊन टाक कोणाला तरी. कोणाला देणार? मित्राला देव दिला तर तो काय समजेल, नदीत टाकायचं तर त्यासाठी पण श्रद्धा लागते राजेहो. तेव्हापासून तो माझ्यासोबत फिरून राहिला, पुणे, हैदराबाद, परत नागपूर. आता फ्रिजवर असतो. मी पूजा करत नाही आणि बायको सांगते की तो तिथून हलवला की मी दोन दिवस कुरकुरतो.

तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही हे, मला माहीत आहे.

नवी_भूमी
सदरकर भाऊ, जय ख्रिस्त. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पणजोबांचं उदाहरण तुम्ही उलटं लावून राहिले. पणजोबांनी प्रभूसाठी घर सोडलं, बाप सोडला, जमिनीतला वाटा सोडला असेल. त्यांनी गमावलं. तुमचा मुलगा काय गमावतोय? उलट टॅक्स वाचवतोय. दोन्ही ठिकाणी पोरानं बापाचं ऐकलं नाही एवढंच सारखं आहे, बाकी काही सारखं नाही. आणि ज्यानं प्रभूला नाकारलं त्यानं पुलपिटजवळ उभं राहून देवाचं वचन वाचायचं, हा काय शाळेचा गॅदरिंगचा कार्यक्रम आहे का?

अजून एक. म्हणूनच आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, फक्त समर्पण करतात. मोठं झाल्यावर ज्याला खरंच विश्वास आहे त्यानं स्वतः पाण्यात उतरायचं. तुम्ही लोक कडेवरच्या बाळाच्या वतीनं वचनं देता आणि मग ते मोठं होऊन मोडतं, तर त्यात नवल काय.

मेकोसाबाग_लोकल
आला बाप्तिस्म्याचा वाद. आता धागा शंभरी गाठणार 😀

ब्लॅकफॉरेस्टवाला
मी श्टुटगार्टपासून तासाभरावर राहतो, मूळचा प्रतापनगरचा. टॅक्सबद्दल गैरसमज दूर करतो, कारण नवी_भूमी यांनी त्यावरच इमला उभा केला आहे.

इथं चर्चचा टॅक्स पगारावर लागत नाही, इन्कम टॅक्सवर लागतो. म्हणजे तुमचा इन्कम टॅक्स शंभर युरो असेल तर त्यावर आणखी आठ युरो. बवेरियात आणि आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आठ टक्के, बाकी राज्यांत नऊ. सरकारच कापतं आणि चर्चला देतं, १९१९ च्या वायमार घटनेपासून हे घटनेतच आहे. ज्यानं नोंदणीच्या वेळी कॅथलिक किंवा इव्हान्जेलिकल (म्हणजे इथले प्रोटेस्टंट) लिहिलं त्याचं कापलं जातं. नंतर बाहेर पडायचं असेल तर सरकारी ऑफिसात जाऊन रीतसर अर्ज करायचा, फी भरायची, कागद मिळतो. इथले जर्मन लोक तो अर्ज करतात आणि नाताळच्या रात्री चर्चमध्ये बसायला जागा नसते अशी गर्दी पण तेच करतात. कोणाला त्यात काही वाटत नाही.

माझ्या ओळखीचे भारतीय ख्रिस्ती, त्यातले काही अगदी दर रविवारी जाणारे, त्यांनीही 'नाही' लिहिलं आहे, केरळचे पण आहेत त्यात. त्यामुळे काका, फॉर्मवरून काहीच कळत नाही. तुमच्या मुलानं फोनवर जे सांगितलं तेवढंच कळतं.

तर्रीबाज
म्हणजे चर्चला द्यायचा दशमांश दहा टक्के, आणि हा त्याहून स्वस्त. जर्मन माणूस हिशोबात पक्का.

ब्लॅकफॉरेस्टवाला
@तर्रीबाज दशमांश कमाईवर असतो, हा टॅक्सवरचा टॅक्स आहे. कितीतरी स्वस्त.

खलासी_लाईन
आम्ही कॅथलिक. जर्मनीचं आमच्यात जास्त कडक आहे. तिथल्या बिशपांनी २०१२ साली आदेशच काढला की जो असा सरकारी अर्ज करून बाहेर पडला त्याला कम्युनियन (प्रभुभोजन) मिळणार नाही, गॉडफादर होता येणार नाही. त्यावर बराच गदारोळ झाला होता. पण तो बाहेर पडणाऱ्यांसाठी.

मला वेगळंच सांगायचं आहे. इथं सगळे पोरं देवापासून लांब जातात त्याबद्दल बोलून राहिले. आमच्या घरात उलटं झालं. माझी धाकटी बहीण बी.एस्सी. झाली आणि म्हणाली मला सिस्टर, म्हणजे नन, व्हायचं आहे. आमचे बाबा म्हणजे दर रविवारी मिस्सा, मे महिन्यात घरी रोज रोझरी, फादर लोकांचं जाणं-येणं. तुम्हाला वाटेल त्यांना आनंद झाला. बाबा काही आठवडे तिच्याशी बोलले नाहीत. आई म्हणायची अहो तुम्हीच तर प्रार्थना करायचे की आपल्या पॅरिशमधून कोणी तरी देवाच्या कामाला जाऊ दे, तर बाबा ओरडले, "कोणी तरी म्हटलं होतं, हिला म्हटलं नव्हतं!" हे वाक्य आता आमच्याकडं कायम वापरात आहे. कोणी म्हटलं कोणी तरी गॅस बंद करा रे, की लगेच दुसरा म्हणतो हिला म्हटलं नव्हतं.

ती आता झारखंडला शाळेत शिकवते. वर्षातून एकदा येते, ठरलेले दिवस, ठरलेल्या दिवशी परत. बाबा गेले तेव्हा ती पोचली, पण बाबांचे शेवटचे महिने आम्हीच काढले, ती नव्हती. तर माझं म्हणणं असं की पोर देवाला जास्त धरून बसलं तरी बापाच्या हातून सुटतंच.

निवृत्त_मास्तरीण
खलासी लाईन, तुमच्या बाबांचं वाक्य वाचून एकटीच हसत बसले. किती खरं माणूस.

इंदोरा_चौक
सदरकर काका जयभीम आणि नमस्कार. तुमच्या पणजोबांची गोष्ट वाचली आणि आमचं घर आठवलं.

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, तेव्हा तिशीत असतील. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, आजोबांनी घरी येऊन त्याच रात्री देव्हाऱ्यातले सगळे देव काढले. पण त्यांची आई, म्हणजे माझी पणजी, तिचा खंडोबाचा टाक गायब. आजोबांनी विचारलं तर म्हणे मला काय माहीत. तो तिनं ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवला होता आणि पहाटे सगळे झोपेत असताना ती कणगीपाशी हात जोडून उभी राहायची. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आजोबांना पण. ते इतके कट्टर की शेजाऱ्याच्या सत्यनारायणाचा शिरा खात नसत, वस्तीत भाषणं करायचे, आणि आईच्या कणगीबद्दल एक शब्द नाही. ती गेल्यावर त्यांनी टाक काढला आणि कन्हानला जाऊन नदीत सोडून आले. आमच्या वडलांनी विचारलं का नेला एवढ्या लांब, भंगारात दिला असता, तर आजोबा त्यांच्यावर खेकसले.

तर पोरानं सोडलं आणि आईनं नाही सोडलं, एकाच छपराखाली, आणि पिठलं-भाकर एकाच चुलीवर झाली. तुमच्याकडं बापानं धरलंय आणि पोरानं सोडलंय, एवढाच फरक. @नवी_भूमी किंमत कोणी किती दिली ह्यावर श्रद्धा मोजायला बसलो तर आमच्या घरात आजोबा जिंकतात. पण पणजीची श्रद्धा काय कमी होती?

नवी_भूमी
@इंदोरा_चौक तुमची गोष्ट चांगली आहे आणि तुमच्या आजोबांचा मी मान राखतो. पण त्यांनी पणजीला दीक्षाभूमीच्या स्टेजवर उभं करून प्रतिज्ञा वाचायला लावल्या नाहीत ना? तेच तर मी म्हणतोय. घरात काही असो. वाचायला उभं करू नका.

इंदोरा_चौक
हा मुद्दा बरोबर आहे. मानलं.

तर्रीबाज
इंटरनेटवर कोणीतरी 'मानलं' म्हटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

जुनं_नागपूर
सदरकर, पणजोबा स्कॉटिश पाद्री हिस्लॉपसाहेबांच्या काळातले का? स्कॉटिश मिशनचे कागद काही पाहायला मिळाले तर नाव सापडू शकतं.

सदरकर
नाही हो, ते पुष्कळ नंतरचे.

जुनं_नागपूर
हो, हिस्लॉप १८६३ लाच गेले, बरोबर. टाकळघाटला जमिनीतली जुनी शिळावर्तुळं (दफनाभोवती रचलेले दगड) पाहायला गेले होते, परतताना नाल्याला पूर, घोडा एकटाच परत आला. कॉलेज त्यांच्या नावानं निघालं ते १८८३ ला. पाद्री होते आणि दगडांचा प्रचंड नाद, हिस्लोपाइट नावाचं खनिज आहे त्यांच्या नावानं. काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळं कोणी पाहिली नसतील तर हिवाळ्यातच पाहून घ्या, मे महिन्यात तिथं जाणं म्हणजे स्वतःच वर्तुळात पुरून घेणं.

विषयाला धरून एक. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक नागपूरहूनच राजनांदगावला निघाले होते, १८९३, गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत गेल्या नाहीत, माहेरच्यांत राहिल्या. पुढं त्या नवऱ्याकडं राहायला आल्या तरी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही, १९०० ला घेतला, त्यांना स्वतःला पटलं तेव्हा. एवढा मोठा कवी, धर्मासाठी सगळं सोडलेला माणूस, घरातल्या माणसाला मात्र वेळ द्यावा लागलाच.

मेकोसाबाग_लोकल
गाडी नागपूरहून सुटली होती म्हणून मराठी ख्रिस्ती साहित्याचं श्रेय नागपूर स्टेशनला. संत्र्यांनंतर हेच.

सदरकर
सगळ्यांचं वाचतोय. नवी_भूमी यांचा 'गमावलं की वाचवलं' हा प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून त्यावर लिहितो.

पणजोबांनी गमावलं हे खरं. पण आमच्या घरात ती गोष्ट सांगताना आम्ही नेहमी पणजोबांच्या बाजूनं सांगतो. त्या आंघोळ करणाऱ्या बापाचं नाव पण कोणाला माहीत नाही. माझ्या आजीला नव्हतं, वडलांना नव्हतं. एक माणूस विहिरीवर जाऊन जिवंत पोराच्या नावानं डोक्यावर पाणी घेतो, त्याला त्या दिवशी काय झालं असेल हे आमच्या चार पिढ्यांत कोणी विचारलं नाही, तो गोष्टीतला दुष्ट माणूस. आता मी त्याच्याच वयाचा, त्याच्याच जागी, आणि पहिल्यांदा तो मला नातेवाईक वाटला. त्याला त्याचा देव खरा होता हो. मला माझा आहे. माझा पोरगा चुकतो आहे असंच मला वाटतं, त्यात मी काही मॉडर्न वगैरे झालेलो नाही. फक्त आंघोळ करायची नाही एवढं नक्की आहे.

दुसरं, तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दल. वचन आम्ही देतो हे बरोबर. पण म्हणूनच तर पुढं दृढीकरण असतं ना भाऊ. बिशप येतात, पोराला उभं करून विचारतात की आईबापानं तुझ्या वतीनं जे म्हटलं ते तू स्वतः म्हणतोस का. आता विचारायचं म्हटलं की 'नाही' म्हणायची सोय पाहिजे. तेव्हा तो शाळकरी होता, समोर बिशप, मागं आजी, नवा शर्ट, घरी बिर्याणी शिजत होती, त्या पोट्ट्यानं 'हो'शिवाय काय म्हणायचं? कदाचित त्यानं आता उत्तर दिलं असेल, जर्मन ऑफिसात.

नवी_भूमी
बिर्याणीचं मान्य 😀 पण मग परत सांगतो, यादीत नाव नको.

मेकोसाबाग_लोकल
सदरकर काका, तुम्ही सीएनआयवाले तर सोडण्यात एक्स्पर्ट. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा मंडळ्यांनी आपापली नावं सोडून एक केलं ना? आमचे मेथोडिस्ट शेवटच्या घडीला म्हणाले तुम्ही व्हा पुढं, आम्ही आहोत तिथं बरे. माझ्या आजोबांना हे सांगताना हसू आवरत नसे. वरात दारात आली आणि नवरदेवच बाथरूममध्ये लपला असं म्हणायचे.

सदरकर
माझे वडील होते त्या दिवशी, तरुण होते, खुर्च्या मांडायच्या कामाला. ते सांगायचे की म्हातारी माणसं रडत होती. अँग्लिकन म्हणून जन्माला आलो, आता काय म्हणून मरणार असं. आमच्या एका जुन्या वडीलधाऱ्यांनी तर मरेपर्यंत पावतीवर जुन्याच मंडळीचं नाव लिहिलं, पाळकसाहेब ती पावती तशीच घ्यायचे.

पोट्टा_परदेशी
मी बहुतेक तुमच्या मुलाच्याच वयाचा, घर बेझनबागला, सध्या बाहेर. ख्रिस्ती घरातला, आता नाही जात. इथं सगळे काका-मावशी बोलून राहिले म्हणून म्हटलं आमच्या साईडनं एकानं लिहावं.

रागावलेले आईबाप झेपतात. खरं. भांडण होतं, दार आपटतं, दुसऱ्या दिवशी चहा मिळतो. न झेपणारं म्हणजे ते शांत हसून 'येशील परत' म्हणतात ते. म्हणजे मी जे इतकी वर्षं विचार करून, घाबरून, रात्ररात्र जागून ठरवलं ते ह्यांच्या लेखी ताप आहे, उतरेल. आणि प्लीज उधळ्या पुत्राचा दाखला देऊ नका. प्रत्येक प्रार्थना सभेत मावश्या माझ्याकडं बघून तोच देतात. तो बापाचा पैसा उडवून डुकरं राखायला गेला. आम्ही इथं पीएफ भरतो, घरी पैसे पाठवतो, धाकटीची फी मी भरली. कसला उधळ्या?

यादीबद्दल, त्याला विचारा. सरळ. पण उत्तर मनात ठरवून विचारू नका, आम्हाला आवाजावरून कळतं.

वैनगंगा_किनारी
मी वर जे लिहिलं 'पन्नाशीत राहत नाही', ते तुला लागलं असेल तर लागू दे बाबा, मला अजूनही तसंच वाटतं. पण धाकटीची फी भरलीस हे वाचून बरं वाटलं.

पोट्टा_परदेशी
मावशी तुम्ही निदान तोंडावर म्हणता 🙂

निवृत्त_मास्तरीण
पोट्टा परदेशी, दाखला देऊ नका म्हणालास, तरी मी देणार, संडे स्कूलमध्ये आयुष्य गेलं माझं. पण तुझ्यावर नाही, बापावर देते.

लूकच्या पंधराव्या अध्यायात तीन गोष्टी लागोपाठ आहेत. मेंढरू हरवतं तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या मागं जातो. बाईचं नाणं हरवतं तर ती दिवा लावून घर झाडते. दोन्हींत शोध आहे. आणि तिसऱ्यात मुलगा जातो तर बाप कुठंच जात नाही. वाटणी मागितली, देऊन टाकली. मागं नोकर पाठवला नाही, कोणाकडं निरोप दिला नाही. मी वर्गात पोरांना विचारायची, का नाही गेला हो हा बाप शोधायला? एकदा एका मुलीनं सांगितलं, टीचर, मेंढराला आणि नाण्याला घर सोडायचं नव्हतं. मी त्यावर काय बोलणार.

आणि लोक विसरतात की त्या घरात थोरला भाऊ पण होता, कधी घर न सोडलेला, सगळे नियम पाळणारा, आणि शेवटी अंगणात रुसून उभा राहिला तो. त्याला आत आणायला मात्र बाप स्वतः बाहेर गेला. आपल्या चर्चमधले आपण बहुतेक सगळे तेच थोरले आहोत. नवी_भूमी भाऊ, तुम्ही आणि मी दोघंही.

नवी_भूमी
मास्तरीण बाई, तुमच्यापुढं मी बोलत नाही. पण बापानं घर तरी उघडं ठेवलं, पाठ वाचायला नाही लावला. बस, आता शेवटचं.

तर्रीबाज
शेवटचं म्हणून तिसऱ्यांदा.

धंतोली_दादा
मास्तरीण बाई, मी ख्रिस्ती नाही, हा दाखला शाळेत ऐकला होता तेव्हा वाटायचं पोराची गोष्ट आहे. आईनं बाळकृष्ण ठेवला ते शोधायला पाठवलं होतं की सोबत पाठवलं होतं, आता विचार करून राहिलो.

सदरकर
मंडळी, विचारलं त्याला. रविवारी उपासनेनंतर फोन केला, तिथं सकाळच होती, झोपेतच उचलला. पोट्टा परदेशीनं सांगितलं तसं आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, जमला का ते त्यालाच माहीत. म्हटलं, यादी करतोय, तुझं नाव टाकू का नको, तू सांगशील ते.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला गायला येईन, कॉयरमध्ये टेनर कोण आहे तुमच्याकडं? म्हटलं कोणी नाही, दोघं आहेत ते सूर सोडतात. तर म्हणे मग गातो. वाचायचं विचारलं तर म्हणाला, "वाचणं वेगळं आहे बाबा. शेवटी 'हे प्रभूचं वचन' म्हणावं लागतं, ते मी म्हणू शकत नाही. गाण्यात तसं नाही." मी म्हटलं गाण्यात पण तेच शब्द आहेत रे. तर म्हणतो, "हो, पण तिथं तुम्ही पण सोबत म्हणत असता."

नवी_भूमी, म्हणजे तुम्ही आणि माझा पोरगा एकाच मताचे निघाले. त्याला सांगितलं तर हसला.

यादीत त्याच्या जागी आमच्या धाकटीचं नाव टाकलं. म्हणजे टाकणार होतो. तिला विचारलं तर ती म्हणाली मला सातवा पाठ द्या, चौथा लांब आहे. पाळकसाहेबांना यादी दिली. त्यांनी थोरल्याचं विचारलं, मी सांगितलं तो गाणार आहे, ते म्हणाले बरं झालं, टेनर नाही आपल्याकडं.

नवी_भूमी
पोरगा प्रामाणिक आहे तुमचा. खोटं वाचणाऱ्यापेक्षा बरा. प्रार्थनेत नाव घेतो त्याचं, चालेल ना?

सदरकर
घ्या. त्याची आई घेतेच, तुमची भर.

पोट्टा_परदेशी
🙏 काका. माझ्या बाबांना हा धागा पाठवू का विचार करून राहिलो.

ब्लॅकफॉरेस्टवाला
काका, तुमच्या मुलाला माझा नंबर द्यायला हरकत नाही, मेसेज करतो तुम्हाला. इथं आमचा मराठी ग्रुप आहे, महिन्यातून एकदा जमतो, गाणारा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त सावजी मसाला शिल्लक ठेवायला सांगा.

धंतोली_दादा
कॅरल सर्व्हिसला आम्ही बाहेरचे आलो तर चालतं का? बायकोला यायचं आहे.

सदरकर
चालतं म्हणजे काय, या. स्वेटर घालून या, आत फार गार पडतं. नंतर केक आणि फराळ असतो, करंज्या आमच्याकडच्या.

खलासी_लाईन
आमच्या करंज्यांत खवा असतो. सहज सांगितलं.

मेकोसाबाग_लोकल
आता करंज्यांवरून वेगळी मंडळी काढा.

धंतोली_दादा
येतो मग. गाडी कुठं लावायची तेवढं सांगा, मागच्या वेळी सदरात नो-पार्किंगमधून उचलून नेली होती.